शेवटचे दोन इंच : प्लेनर ट्रान्सफॉर्मरला वायर जोडताना

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. नागपूरच्या इतवारीत चांदीचा मुलामा देणारे एक कारागीर आहेत, त्यांच्यासाठी मी १२ व्होल्ट, ४० अँपिअरचा पॉवर सप्लाय बनवत होतो. त्यांचा आधीचा रेक्टिफायर, म्हणजे घरातल्या विजेचा एकाच दिशेचा करंट करून देणारं यंत्र, लोखंडी पट्ट्यांच्या ट्रान्सफॉर्मरचा, जागचा हलवायचा म्हटलं तरी दोन माणसं लागतात. मी जेवणाच्या डब्याएवढा करून देतो म्हणून बसलो होतो.

डबा तयार झाला, चालूही झाला. लोड लावून सात-आठ मिनिटं झाली नाहीत तोच प्लॅस्टिक तापल्याचा वास यायला लागला. स्विच बंद केला, ट्रान्सफॉर्मरवर बोट ठेवलं तर कोमट. तिथून दोन इंच पुढे, जिथे बोर्डातून निघालेली जाड वायर डायोडकडे, म्हणजे करंट एकाच दिशेनं सोडणाऱ्या भागाकडे, जाते तिथे बोट नेलं आणि चटका बसला. वायरवरचं पीव्हीसी मऊ पडून जोडापासून आक्रसलं होतं, उघडं पडलेलं तांबं तपकिरी झालं होतं.

कारागीर शेजारीच बसले होते. म्हणाले, "बोर्ड तर थंड हाय जी. मंग हे टोक काऊन तापून राह्यलं? वायर तर किती जाड लावली तुम्ही."

वायर जाड होतीच. ६ स्क्वेअर एमएमची, घरात मीटरपासून स्विचबोर्डापर्यंत ओढतात तसली. पण हा प्रश्न नवख्यांनाच पडतो असं नाही. प्लेनर ट्रान्सफॉर्मरचं डिझाइन करताना माणसं कोअर निवडतात, थरांचा क्रम ठरवतात, त्यात आठवडे घालवतात, आणि शेवटी ड्रॉवरमध्ये हाताला लागेल ती वायर घेऊन डकवून टाकतात. मीही तेच केलं होतं.

आधी हा ट्रान्सफॉर्मर असतो कसा ते पाहू. प्लेनर म्हणजे सपाट. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बॉबिनवर, म्हणजे रिळावर, एनॅमलचा पातळ इन्सुलेशनचा थर दिलेली तार गुंडाळतात, इथे गुंडाळणं नाहीच. सर्किट बोर्डावर तांब्याचे पट्टे जिलबीसारखे फिरवून छापलेले असतात. असे चार-सहा थर एकावर एक, चिरोट्याच्या पदरांसारखे. वरून-खालून फेराइट या चुंबकीय पदार्थाचे दोन चपटे तुकडे, म्हणजेच कोअर, बसवले की ट्रान्सफॉर्मर झाला. प्रायमरीचा (वीज आत येते त्या वेढ्यांचा) एक थर, मग सेकंडरीचा (वीज बाहेर पडते त्या वेढ्यांचा), पुन्हा प्रायमरीचा अशी सरमिसळ केली की दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना तिथल्या तिथे खोडतात आणि गळती, म्हणजे एकीचं क्षेत्र दुसरीपर्यंत न पोहोचता बाहेर जाणं, कमी होते. बोर्ड कारखान्यातून येतो, त्यामुळे दहावा नग पहिल्यासारखाच निघतो.

माझ्या बोर्डावर प्रायमरीचे १६ वेढे होते, सेकंडरीचे फक्त २. घरातले २३० व्होल्ट एकदिश केले की सुमारे ३२५ व्होल्ट होतात. हाफ ब्रिज नावाच्या सर्किटमध्ये त्याचे निम्मे, म्हणजे १६०च्या आसपास, प्रायमरीला मिळतात. १६ वेढ्यांना १६० व्होल्ट, म्हणजे वेढ्यामागे १०, म्हणजे सेकंडरीवर २०. मधले विराम धरून सरासरी निघते ती बारा-तेरा. हे सगळं सेकंदाला दोन लाख वेळा उलटसुलट होतं, म्हणजे २०० किलोहर्ट्झ. एवढ्या थोड्या वेढ्यांत काम भागतं ते या वेगामुळेच.

आता लांबी बघा. सेकंडरीचे दोन वेढे मिळून तांबं भरतं वीतभर. मी त्याला लावलेल्या दोन वायरी पाच-पाच सेंटिमीटरच्या, म्हणजे मिळून जवळजवळ अर्धी वीत. बॉबिनवर पन्नास वेढे असतील तर टोकाला दोन इंच वायर जास्त झाली काय, कमी झाली काय, कुणी विचारत नाही. दोनच वेढे असताना ती वायर म्हणजे वाइंडिंगचाच पुढचा भाग, आणि तोही सरमिसळ न केलेला, उघड्यावर लोंबणारा.

भिंतीतली ऊब आणि तारेतला करंट

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती हातभर जाड असतात. मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश असलं तरी आतला माणूस दुपारी झोपू शकतो. दिवसाची उष्णता भिंतीत शिरायला लागते, थोडी आत जाते न जाते तोच संध्याकाळ होते आणि ती माघारी फिरते. म्हणून दिवस-रात्रीचा चढउतार भिंतीत वीतभरही धड पोहोचत नाही. उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार मात्र सावकाश, वर्षभराचा. तो जमिनीत पुरुष-दीड पुरुष खोल जातो. चढउतार जितका घाईचा, तितका तो उथळ.

तारेतल्या करंटचं असंच आहे. दोन्हीकडे गणितही एकाच घराण्यातलं लागतं. तारेतून बदलता करंट गेला की तिच्या आत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते तांब्यात भोवऱ्यासारखे करंट उठवतं, आणि हे भोवरे मधल्या भागात मूळ करंटच्या विरुद्ध, कडेला त्याच्या बाजूने वाहतात. परिणाम असा की मधलं तांबं रिकामं राहतं आणि सगळा करंट कातडीतून धावतो. म्हणूनच याला स्किन इफेक्ट म्हणतात. ऑलिव्हर हेव्हिसाइड या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८५ साली हे तारांसाठी नीट मांडलं.

कातडीची जाडी काढायला सोपा हिशेब आहे. ६६ला वारंवारतेच्या वर्गमुळानं भागा, उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. हे साध्या तापमानाच्या तांब्यासाठी. आपल्या घरातल्या ५० हर्ट्झला ते साडेनऊच्या जरा खाली येतं, ९.३ मिलिमीटर. म्हणून कोराडीच्या वीज केंद्राहून निघालेली वीज घरातल्या वायरमधून पूर्ण अंगभर वाहते, आणि वायरमनला आयुष्यभर स्किन इफेक्ट या नावाशी कर्तव्य नसतं. १०० किलोहर्ट्झला कातडी ०.२१ मिलिमीटर, २०० किलोहर्ट्झला ०.१५, आणि एक मेगाहर्ट्झला ०.०६६, केसाएवढी.

माझी ६ स्क्वेअर एमएमची वायर पावणेतीन मिलिमीटर व्यासाची धरा. तिची बाहेरची ०.१५ मिलिमीटरची साल काढली तर क्षेत्रफळ भरतं सव्वा स्क्वेअर एमएमच्या आत-बाहेर. म्हणजे पाच हिस्से तांबं विकत घेतलं, त्यातला एकच हिस्सा कामाला लागला. सरळ डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारा करंट, असता तर या दोन वायरींत ४० अँपिअरला अर्धा वॅटही जळला नसता. २०० किलोहर्ट्झला सव्वादोन वॅटच्या वर जळत होते. डीसी आणि एसी (उलटसुलट होणारा करंट) यांचं मिश्रण वगैरे सोडून देऊन हा ढोबळ हिशेब आहे, पण चटका कुठून आला ते कळायला पुरेसा.

"पण ती वायर तर बारीक तारांची असते की!" असं इथे कुणीतरी म्हणतंच. असते, पण त्या तारा उघड्या असतात, एकमेकींना चिकटून. एकीतून दुसरीत जायला करंटला आडकाठी नाही, त्यामुळे विद्युतदृष्ट्या ती एकच जाड सळई. तारा बारीक आहेत म्हणून वायर वाकते, एवढाच त्याचा उपयोग.

तापण्यापेक्षा वाईट

वायर तापली हे निदान बोटाला कळलं. दुसरं नुकसान कळतही नाही. कोणत्याही वायरला स्वतःचं इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला अडवण्याचा गुण, असतं, सेंटिमीटरला साधारण ६ ते १० नॅनोहेन्री. माझ्या दोन सुट्या वायरींचं मिळून ६०च्या घरात. ऐकायला काहीच नाही. पण २०० किलोहर्ट्झला ६० नॅनोहेन्रीचा अडथळा ०.०७५ ओहम भरतो, आणि त्याच वायरींचा मल्टिमीटरच्या भाषेतला रेझिस्टन्स आहे ०.०००३ ओहम. म्हणजे वायर निवडताना आपण ज्याची काळजी करत होतो त्याच्या अडीचशे पट मोठी गोष्ट शेजारी उभी होती.

शिवाय हे इंडक्टन्स दर चक्राला ऊर्जा साठवतं आणि ती डायोडच्या तोंडावर आपटतं. ४० अँपिअरला ६० नॅनोहेन्रीत ४८ मायक्रोज्यूल मावतात. दर चक्रात एकदा जरी ते वाया गेले तरी २०० किलोहर्ट्झला साडेनऊ वॅट झाले. ऑसिलोस्कोपवर ते काटेरी झुडपासारखं दिसतं, आणि आपण त्याला दाबायला स्नबरचे (असे काटे शोषणाऱ्या सर्किटचे) रेझिस्टर मोठे मोठे करत बसतो. ते रेझिस्टर तापले की त्यावर पंखा. दोन इंच वायरपायी पंखा!

हे मोजता येतं, आणि एकदा मोजलं की विश्वास बसतो. इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर प्रायमरीला लावायचा, १०० किलोहर्ट्झवर ठेवायचा, आणि सेकंडरी शॉर्ट करायची. जे वाचन येतं ते गळतीचं इंडक्टन्स. मी आधी बोर्डाच्या पॅडवरच तांब्याची रुंद पट्टी दाबून शॉर्ट केली: ०.९ मायक्रोहेन्री. मग तीच पट्टी वायरींच्या लांबच्या टोकांवर लावली: ४.७. मधला फरक ३.८. वेढ्यांचं गुणोत्तर ८ आहे, त्याचा वर्ग ६४. ३.८ला ६४नं भागलं की ५९ नॅनोहेन्री, वायरींच्या अंदाजाशी जुळणारं. बोर्ड बनवणाऱ्यानं थर सरमिसळ करून कमावलेलं सगळं मी टोकाला दोन तुकडे लावून घालवलं होतं, वर चौपट कर्ज.

मग लावायचं काय?

सगळ्यात चांगली वायर म्हणजे नसलेली वायर. जमत असेल तर डायोड किंवा त्याचंच काम करणारा मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) ट्रान्सफॉर्मरच्या बोर्डावरच, सेकंडरीच्या तोंडाशी बसवा, म्हणजे पुढे जाणारा करंट बऱ्यापैकी डीसी असतो आणि त्याला जाड वायर खुशाल चालते. माझं यंत्र तयार होऊन बसलं होतं, बोर्ड नव्याने बनवायला वेळ नव्हता, म्हणून हा मार्ग बंद.

त्यानंतर तांब्याची पट्टी. ०.२ मिलिमीटर जाड, १२ मिलिमीटर रुंद. ही भरते २.४ स्क्वेअर एमएम, माझ्या वायरच्या निम्म्याहूनही कमी, पण जाडीच कातडीच्या आसपास असल्यामुळे रिकामं राहणारं तांबं फार नाही. आणि खरी मेख पुढे आहे: जाणारी आणि येणारी अशा दोन्ही पट्ट्या एकमेकींवर पालथ्या ठेवायच्या, मध्ये फक्त कॅप्टॉन टेप, म्हणजे उष्णता सोसणारी पातळ इन्सुलेशनची टेप. दोघींतले करंट उलट दिशांचे, त्यामुळे बाहेरचं क्षेत्र खोडलं जातं. १२ मिलिमीटर रुंद पट्ट्यांमध्ये ०.१ मिलिमीटरची फट ठेवली तर सेंटिमीटरला पाव नॅनोहेन्रीच्या आसपास इंडक्टन्स उरतं. सुट्या वायरीच्या मानानं तीस-चाळीस पट कमी. यासाठी महाग काहीच लागत नाही, फक्त दोन पट्ट्या लांब लांब फाकवण्याचा मोह टाळायचा. रचना नीटनेटकी दिसावी म्हणून लाल वायर डावीकडून आणि काळी उजवीकडून नेणारे लोक मी पाहिलेत. दिसायला फार सुबक असतं ते.

पट्टी वाकवता येत नसेल, जागा अडचणीची असेल, तर लिट्झ वायर. एनॅमल लावलेल्या केसासारख्या तारांचा हा पीळ. प्रत्येक तार वेगळी इन्सुलेट केलेली, आणि पीळ असा की प्रत्येक तार आळीपाळीनं आत-बाहेर जाते. म्हणून कुणीच कायमचं कडेला नाही, कुणीच कायमचं मध्ये नाही. १०० ते २०० किलोहर्ट्झच्या टप्प्यात ०.०६ मिलिमीटरची तार ठीक पडते, ३०० किलोहर्ट्झच्या आसपास ०.०५.

इथे एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलोय. लिट्झचे तक्ते बहुतेक अमेरिकी गेजमध्ये (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर) असतात, आणि आपल्याकडे रिवायंडिंगच्या दुकानात बोललं जातं ते ब्रिटिश गेज, एसडब्ल्यूजी. तक्त्यात ४० नंबर लिहिलाय म्हणून बर्डीच्या बाजारात जाऊन ४० नंबर मागितली तर मिळते ०.१२ मिलिमीटरची, हवी असते ०.०८ची. एकीत दुसरीच्या सव्वादोन पट तांबं. नंबर विसरा, मिलिमीटर सांगा आणि मायक्रोमीटर सोबत न्या.

घरी ड्रिल मशीनला हुक लावून पीळ देणारेही आहेत. प्रायमरीच्या तीन-चार अँपिअरसाठी ०.१ मिलिमीटरच्या शंभरेक तारा अशा पिळल्या तर काम निभतं. पण साध्या पिळात मधली तार मधेच राहते. सेकंडरीच्या ४० अँपिअरला हा जुगाड पुरत नाही.

चौदाशे टोकं

४ स्क्वेअर एमएमची लिट्झ ०.०६च्या तारांनी करायची तर चौदाशे तारा लागतात. चौदाशे तारांना दोन्हीकडे मिळून अठ्ठावीसशे टोकं, आणि प्रत्येक टोकावरचं एनॅमल निघून सोल्डर लागलं पाहिजे. तीनशे तारा आतल्या आत कोऱ्या राहिल्या तर त्या नुसत्या ओझं म्हणून सोबत येतात.

नागपुरात उन्हाळा लागला की कूलरच्या मोटारी रिवायंडिंगला येतात. तिथला कारागीर तारेचं टोक ब्लेडनं किंवा पॉलिश पेपरनं खरवडतो, कारण मोटारीचं चिवट एनॅमल सोल्डरिंगच्या उष्णतेनं निघत नाही. केसाएवढ्या चौदाशे तारा खरवडणं अशक्य, म्हणून लिट्झ घेतानाच पॉलियुरेथेन एनॅमलची, म्हणजे सोल्डर होणारी घ्यायची. ती वितळलेल्या सोल्डरच्या भांड्यात ४०० अंशांच्या आसपास बुडवली की एनॅमल जळून वर येतं आणि तांबं ओलं होतं.

टोकापासून थोडं मागे पक्का दोरा किंवा टेप बांधा म्हणजे पीळ सुटणार नाही. आधी फ्लक्समध्ये, म्हणजे धातू स्वच्छ करणाऱ्या द्रवात, बुडवा. मग सावकाश, उभं, भांड्यात. एकदम खुपसलं तर बाहेरच्या तारा ओल्या होतात आणि आत अडकलेला धूर मधल्या तारांपर्यंत सोल्डर जाऊ देत नाही. वर येणारी काळी साय बाजूला करून मगच बाहेर काढा. भांडं विनाकारण जास्त तापवू नका आणि टोक आत विसरू नका: कथील तांब्याला खातं, ०.०६ची तार गरम शिसेविरहित सोल्डरमध्ये बघता बघता झिजते. ओलं काही त्यात पडता कामा नये, घामाचा थेंबसुद्धा, तडतडून उडतं.

धुराचं मात्र गांभीर्यानं घ्या. पॉलियुरेथेन जळताना आयसोसायनेट निघतात, त्यांनी दमा जडतो, आणि एकदा जडला की थोड्याशा धुरानंही उसळतो. आपल्याकडे होतं काय, सोल्डरिंग करताना कूलरचा वारा जोड थंड करतो म्हणून आपण कूलर बंद करतो, ऊन नको म्हणून खिडकीही बंद. मग धूर सरळ नाकात. तोंडापासून दूर ओढणारा एक्झॉस्ट पंखा हवाच.

झालं की टोकाचे एक-दोन मिलिमीटर कटरनं उडवा आणि छेद भिंगाखाली बघा. मला हे दृश्य फार आवडतं. सगळं नीट असेल तर राखाडी चांदीसारख्या सोल्डरमध्ये तांबूस ठिपके रुतलेले दिसतात, ठिपका आणि सोल्डर यांच्यात काही नाही. ज्या ठिपक्याभोवती काळं कडं दिसेल तिथे एनॅमल शिल्लक आहे. मध्यभागी अशा कड्यांचा पुंजका दिसला की परत भांड्यात.

कल्हईवाल्याकडून

सोल्डरिंग म्हणजे वितळवून चिकटवणं असं वाटतं, पण ती आहे कल्हई. कल्हईवाला पातेलं आधी शेगडीवर तापवतो, मग नवसागर टाकतो, पांढरा धूर निघतो, तेवढ्यात कथील फिरवून कापसानं पुसून काढतो. कथील भांड्याच्या उष्णतेनं पसरतं. नवसागर धातूवरची काजळी खातो. थंड भांड्यावर वितळलेलं कथील ओतलं तर गोळी होऊन घरंगळेल. बोर्डावरही तेच: तांबं स्वतः तापलं पाहिजे, फ्लक्सनं ते स्वच्छ केलं पाहिजे, मग सोल्डर आपणहून पसरतं. सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या टोकावर, म्हणजे बिटवर, सोल्डर वितळवून जोडावर थापणं म्हणजे ड्राय सोल्डरची, वरवर चिकटलेल्या कच्च्या जोडाची, हमी.

प्लेनर बोर्डावर हे तापवणंच अवघड. चार थरांचं जाड तांबं, एखाद्या थरात ७०, तर कुठे १०५ मायक्रॉन. बिट टेकवली की उष्णता सगळ्या वाइंडिंगमध्ये पळून जाते. माझा पहिला जोड असाच होता, २५ वॅटच्या इस्त्रीनं केलेला. वरून चकचकीत, खालून भोक अर्धं रिकामं. त्यावर लोक उपाय करतात तो म्हणजे बिट ४५० अंशांवर नेऊन दाबून धरणं. मग पॅड उखडतं आणि बोर्ड करपतो. तापमान वाढवायचं नसतं, ताकद वाढवायची असते: रुंद चपटी बिट, ८०-१०० वॅटची इस्त्री, साडेतीनशेच्या आसपास. आणि बोर्ड आधी खालून गरम करायचा, शंभर-सव्वाशे अंशांपर्यंत. प्रीहीटर नसेल तर इंडक्शनवर जाड तवा ठेवून मी काम भागवलंय, तापमान मोजत. तो तवा पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही, हे घरी आधीच सांगून टाका.

६३-३७चं कथील-शिसं १८३ अंशांना एकदम वितळतं आणि एकदम गोठतं, हाताच्या कामाला तेच सोपं. शिसेविरहित नेहमीचं मिश्रण २१७च्या पुढे वितळतं. शिशाचं वापरलं तर हात धुतल्याशिवाय जेवू नका.

सोल्डरचा थर पातळ आणि पसरट हवा. सोल्डर तांब्याच्या आठव्या हिश्श्यानं वीज वाहतो, पण १२ मिलिमीटर रुंद पट्टी १० मिलिमीटर लांबीभर पॅडवर सपाट बसली आणि मध्ये ०.१ मिलिमीटर सोल्डर असलं, तर त्याचा रेझिस्टन्स मोजण्यातही येत नाही. फटीवर सोल्डरचा डोंगर रचून पूल केला की मात्र तो प्रत्येक बाबतीत तांब्याहून कच्चा. शिवाय सोल्डर गरम असताना मऊ असतं. १८३ला वितळणारा धातू १०० अंशांवर सतत ओढला तर महिनोन्महिने हळूहळू सरकत राहतो. म्हणून पट्टीला बोर्डात खाच किंवा स्क्रू द्या, ओढ त्यावर जाऊ द्या.

फ्लक्स रोझिनचाच, म्हणजे राळेचा. टपरीवर डबीत मिळणारी पिवळी पेस्ट पुष्कळदा आम्लधर्मी असते, पत्र्याच्या कामाची. एका मित्राच्या चार्जरमध्ये ती वापरली होती. एप्रिल-मेत काही झालं नाही, हवाच इतकी कोरडी. जूनच्या शेवटी पाऊस लागला, पेस्टच्या अवशेषांनी ओल धरली आणि प्रायमरी-सेकंडरीच्या मधल्या जागेत काळी नागमोडी रेघ उमटली. त्या जागेतून २३० व्होल्ट माणसापर्यंत येऊ शकतात. दोन्ही बाजूंमध्ये बोर्डाच्या पृष्ठभागावर ६ ते ८ मिलिमीटर अंतर ठेवायची पद्धत आहे, आणि सोल्डरचं एखादं टोकदार शिंग ते अंतर गुपचूप खातं. प्रायमरीची वायर त्या बाजूनं जाणारच असेल तर तीन थरांच्या इन्सुलेशनची घ्या. जोड झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुवा.

फेराइट सगळ्यात शेवटी बसवायचं. चिनी मातीच्या कपासारखं ते, एका कडेला इस्त्री लागली तर चिरा जातात.

जोडाची परीक्षा डीसीवर. बेंच सप्लायमधून १० अँपिअर सोडायचे, मल्टिमीटर मिलिव्होल्टवर, एक प्रोब पॅडच्या तांब्यावर, दुसरा पट्टीवर. चांगला जोड शून्याच्या आसपास घुटमळतो. एखादा मिलिव्होल्ट दिसला तर उकला. ही परीक्षा कच्चा जोड पकडते, कातडीचं आणि इंडक्टन्सचं काही सांगत नाही. त्यासाठी शॉर्टवालं मोजमाप वेगळं करावं लागतं.

तर इतवारीचं यंत्र. वायरी काढल्या, भोकं साफ केली, डायोडचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) डायोडसकट तीन सेंटिमीटर जवळ आणला. दोन-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या, एकीवर एक, मध्ये कॅप्टॉन. शॉर्ट करून मोजलं: १.२ मायक्रोहेन्री, म्हणजे जोडणीच्या वाट्याला पाचेक नॅनोहेन्री. स्नबरचा रेझिस्टर अर्ध्यावर आला आणि पंखा लागला नाही. भर दुपारी, खोलीत ४१ अंश असताना, तासभर पूर्ण लोडवर चालवलं. बोर्ड ७८, जोड ७४.

कारागिरांनी बंद केल्यावर स्वतः बोट ठेवून पाहिलं, मग डबा एका हातानं उचलून पुन्हा खाली ठेवला. म्हणाले, "हलकं लय झालं जी. केबल ओढली का सरकते टेबलावर. खाली रबराचे पाय लावून द्या."